ताडोबास जातांना उतरावें कोठें ?

प्रवासाचा बेत ठरला म्हणजे आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो तिकिटांचा आणि दुसरा निघतो तो उतरण्याच्या जागेचा. काशीस जावें, पंढरपुरास जावें, महाबळेश्वरास जावें. कोठेंही गेलें तरी हा दुसरा प्रश्न तसा गौण असतो. जागा थोडी लांब मिळाली तर चार पावलें अधिक चालावें लागतें, एवढेंच काय तें नुकसान. राष्ट्रीय उद्यान पाहावयास जाणाऱ्या माणसाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथें उतरण्याची जागा चुकली म्हणजे पुष्कळदां सारी सहलच चुकते. शिवाय तें नुकसान आपल्यापुरतें राहत नाहीं. ज्या वनाच्या दर्शनास आपण जातों त्या वनाला, आणि त्या वनाच्या कडेस पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांना, आपल्या निवडीचा उपयोग किंवा उपद्रव होत असतो. म्हणून या साध्या दिसणाऱ्या विषयावर आज थोडें सविस्तर बोलण्याचें मीं योजिलें आहे.

देशांतील सर्व उद्यानांविषयीं एकदम बोलूं गेल्यास कोणत्याच उद्यानाविषयीं नीट बोलणें होणार नाहीं. यास्तव चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबा हें एकच उदाहरण मी घेतों. तें नीट समजलें म्हणजे इतर उद्यानांसंबंधींचा हिशेब आपला आपल्याला मांडतां येईल.

प्रथम या वनाची थोडी ओळख करून घेऊं. ताडोबा हें महाराष्ट्रांतील सर्वांत जुनें राष्ट्रीय उद्यान होय. १९५५ सालीं तें जाहीर झालें, तेव्हां हा चांदा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशांत होता. उद्यानाचें क्षेत्र सुमारें ११६ चौरस किलोमीटर आहे. पुढें १९८६ सालीं त्याला लागूनच अंधारी नदीच्या नांवानें सुमारें ५०९ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य निर्माण करण्यांत आलें. आणि १९९५ सालीं या दोहोंचा मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. या सव्वासहाशें चौरस किलोमीटरांच्या मुलखास गाभा क्षेत्र म्हणतात. गाभ्याच्या भोवतीं सुमारें अकराशें चौरस किलोमीटरांचें दुसरें एक कडें आहे. त्यास बफर क्षेत्र असें नांव आहे. गाभा मुख्यतः वन्य प्राण्यांसाठीं राखलेला. बफरमध्यें मात्र जंगल आहे, शेती आहे, गुरें आहेत आणि माणसांनीं भरलेलीं गांवेंही आहेत. वाघाला ही सीमारेषा अर्थातच ठाऊक नसते. आपल्याला ती ठाऊक असली पाहिजे, कारण आपला मुक्काम बहुधा या दुसऱ्या कड्यांत पडणार असतो.

ताडोबा हें नांव कोठून आलें याविषयीं त्या भागांतील गोंड लोक एक कथा सांगतात. तारू नांवाचा त्यांचा एक प्रमुख वाघाशीं झालेल्या झुंजींत मरण पावला. लोकांनीं त्याला देव मानलें, आणि तळ्याच्या कांठीं मोठ्या वृक्षाखालीं त्याचें स्थान झालें. पौष महिन्यांत तेथें जत्रा भरत आली आहे. ही कथा मी मुद्दाम सांगितली. माणूस आणि वाघ यांचा संबंध या मुलखांत प्रवासी येऊं लागल्यापासूनचा नाहीं. तो फार जुना आहे, आणि त्यांत भक्ति आणि भय हीं दोन्हीही आहेत.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. उतरावें कोठें? माझें उत्तर असें कीं, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, शिरावें कोठून, हा होय. ताडोबाच्या गाभ्यांत जाण्यास सहा द्वारें आहेत: मोहर्ली, खुटवंडा, नवेगांव, कोलारा, झरी आणि पांगडी. आपला प्रवेशाचा परवाना एका विशिष्ट द्वाराचा, एका विशिष्ट दिवसाचा आणि सकाळ किंवा दुपार यांपैकीं एका वेळेचा असतो. मोहर्लीचा परवाना घेऊन कोलाऱ्यास गेल्यास तेथें आपणांस आंत घेणार नाहींत. आणि नकाशांत जवळ दिसणारीं हीं द्वारें रस्त्यानें जवळ नाहींत. जंगलांतून आरपार जाण्याची खासगी गाड्यांस परवानगी नसते. बाहेरून वळसा घालावा लागतो, आणि मोहर्लीहून कोलाऱ्यास तसें जाण्यास दीड-दोन तासांहून कमी लागत नाहींत. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

माझ्या परिचयाच्या पुण्याच्या एका कुटुंबाची हकीगत सांगतों. मुलांना मे महिन्याची सुटी होती. घरांतील कर्त्या माणसानें जाहिरातींतील छायाचित्र पाहून एक उत्तम जागा ठरविली. जाहिरातींत ‘ताडोबांत’ एवढेंच लिहिलें होतें. जागेचे सारे पैसे भरून झाल्यावर त्यांनीं प्रवेशाचा परवाना पाहिला, तों त्या जागेजवळच्या द्वाराचे सर्व परवाने संपलेले. शेवटीं दुसऱ्या टोकाच्या द्वाराचा परवाना मिळाला. मग तीन दिवस रात्रीं अडीच-तीनला मुलांना उठवावें, अंधारांत मोटारींत बसवावें, आणि द्वाराशीं पोंचेपर्यंत तीं झोपेनें अर्धमेलीं व्हावींत, असा क्रम चालला. धाकट्या मुलीनें वाघ पाहिला तेव्हां ती आईच्या मांडीवर झोपली होती; म्हणजे खरें सांगावयाचें तर तिनें तो पाहिलाच नाहीं! जागा चांगली होती, जेवण चांगलें होतें, यजमानही सज्जन होते. फक्त क्रम उलटा लागला होता.

तेव्हां योग्य क्रम असा: आधीं दिवस ठरवावा; मग वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर कोणत्या द्वाराचा परवाना मिळतो तें पाहावें; तो हातीं आला म्हणजे त्या द्वाराच्या जवळची जागा घ्यावी. सुटीच्या दिवसांत परवाने कित्येक आठवडे आधीं संपतात. परवान्यावर ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला असेल तेंच ओळखपत्र बरोबर न्यावें लागतें. मंगळवारीं ताडोबांत प्रवेश बंद असतो, हेंही ध्यानांत ठेवावें. नाहीं तर सोमवारीं संध्याकाळीं पोंचून बुधवारची वाट पाहत बसावें लागेल आणि एका रात्रीचें भाडें फुकट जाईल.

आतां द्वारांची थोडी माहिती देतों. मोहर्ली हें सर्वांत जुनें आणि गजबजलेलें द्वार. चंद्रपुराहून तें सुमारें तीस किलोमीटरांच्या आंत आहे. चंद्रपूर हें दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील स्टेशन असल्यानें आगगाडीनें येणारांस हेंच द्वार सोयीचें. मोहर्लीस इरई धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. याच धरणाचें पाणी चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रास जातें, हें सहज सांगण्यासारखें. जलाशयाच्या कांठीं राज्याच्या पर्यटन महामंडळाचें निवासस्थान आहे, वनविकास महामंडळाचीही सोय आहे, आणि लहानमोठीं खासगी निवासस्थानें व घरगुती मुक्कामाच्या जागा आहेत. खुटवंडा हें मोहर्लीच्या उत्तरेस, पश्चिमेच्या बाजूस येतें. तेथें गर्दी तुलनेनें कमी.

कोलारा आणि नवेगांव हीं उत्तरेकडील द्वारें. नागपुराहून मोटारीनें येणारांनीं उमरेड-भिसी-चिमूर या वाटेनें आल्यास कोलारा सुमारें एकशेंदहा किलोमीटरांवर पडतें. मोहर्ली याहून बरेंच लांब. वाटेवरचें हें चिमूर म्हणजे १९४२ च्या ऑगस्ट महिन्यांत ज्याचें नांव देशभर झालें तेंच. विमानानें नागपुरास उतरणाऱ्या प्रवाशांच्या दृष्टीनें हीं द्वारें जवळचीं असल्यानें कोलाऱ्याच्या बाजूस मोठीं आणि महाग निवासस्थानें पुष्कळ झालीं आहेत. झरी आणि पांगडी हीं दक्षिणेकडील कोळसा परिक्षेत्रांतील द्वारें. तेथें वर्दळ थोडी, निवासाच्या जागाही थोड्या, आणि शांतता मात्र भरपूर. ज्यांस वाघाइतकीच पक्ष्यांची, झाडांची आणि निवांतपणाची आवड आहे त्यांनीं तिकडे अवश्य जावें.

याशिवाय बफर क्षेत्रांत शिरण्यासाठीं आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंजा, मदनापूर, निमढेला अशीं पुष्कळ द्वारें आहेत. बफर म्हणजे दुय्यम दर्जाचें जंगल असा पुष्कळांचा समज असतो, तो बरोबर नाहीं. वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रे, गवे हे सारे तेथेंही हिंडतात. गाभ्याचा परवाना न मिळाल्यास बफरचा घ्यावा. पावसाळ्यांत, जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, गाभा बंद असतो, तेव्हां तर बफरवांचून दुसरा मार्गच नसतो.

आतां अंतराचा हिशेब मांडूं. जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलें, त्यामुळें ही संवय जात नाहीं. दोन रात्री आणि तीन दिवस अशी साधारण सहल असते. पहिल्या दिवशीं दुपारीं एक, दुसऱ्या दिवशीं सकाळीं व दुपारीं दोन आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं एक, अशा चार फेऱ्या होतात. या फेरीस हल्लीं सर्वत्र सफारी म्हणतात. उघड्या जिप्सी गाडींत जास्तींत जास्त सहा प्रवासी, एक चालक आणि एक मार्गदर्शक असतात, आणि फेरी सुमारें चार तासांची असते. आपली जागा द्वारापासून तासाभराच्या अंतरावर असेल तर जाऊन-येऊन फेरीमागें दोन तास, म्हणजे चार फेऱ्यांस आठ तास केवळ रस्त्यांत गेले. दोन फेऱ्यांचा वेळ झाला! तोच मुक्काम द्वारापासून दहा-पंधरा मिनिटांवर असेल तर हे आठ तास झोपेला, जेवणाला, मुलांशीं बोलण्याला आणि जलाशयाच्या कांठीं पक्षी पाहण्याला मिळतात. जरा जवळच्या जागेस दोन पैसे अधिक पडले तरी तो व्यवहार तोट्याचा नव्हे.

आणखी एक गोष्ट. सकाळची फेरी सूर्योदयाच्या सुमारास सुटते. उन्हाळ्यांत ही वेळ साडेपांचच्या आसपास, हिंवाळ्यांत तासभर उशिरा. द्वाराशीं अर्धा तास आधीं हजर असावें लागतें. पहांटेचा पहिला तास सर्वांत मोलाचा. प्राणी तेव्हां वाटांवर असतात आणि धुळींत पाउलांच्या ताज्या खुणा दिसतात. उशीर झाला म्हणजे जातो तो हाच तास.

आतां निवासांच्या प्रकारांकडे येऊं. स्थूल मानानें ते पांच आहेत.

पहिला प्रकार सरकारी. पर्यटन महामंडळ, वनविकास महामंडळ आणि वनखातें यांच्या जागा यांत मोडतात. स्थान बहुधा उत्तम, भाडें माफक, व्यवस्था साधी. ज्यांस गरम पाणी, स्वच्छ अंथरूण आणि वरणभात मिळाल्यास समाधान वाटतें त्यांच्यासाठीं ही जागा पुरेशी आहे. ती मिळविण्यासाठीं मात्र फार आधीं खटपट करावी लागते.

दुसरा प्रकार मोठ्या खासगी निवासस्थानांचा, ज्यांस रिसॉर्ट म्हणतात. यांत भाडें पुष्कळ. पण कांहीं ठिकाणीं त्यांत जेवण, फेऱ्या आणि जाणकार निसर्गतज्ज्ञाची सोबत हीं सारीं धरलेलीं असतात. भाड्यांत काय येतें आणि काय येत नाहीं हें लेखी विचारून घ्यावें. परवान्याचे, जिप्सीचे आणि मार्गदर्शकाचे पैसे वेगळे असतील तर शेवटचा आंकडा आरंभीच्या आंकड्याच्या दुप्पटही होऊं शकतो.

तिसरा प्रकार मध्यम दर्जाच्या लहान निवासांचा. यांची संख्या मोठी आणि दर्जा फार निरनिराळा. येथें छायाचित्रांवर विसंबूं नये. दिसतें तसें नसतें. अलीकडे जाऊन आलेल्या माणसाचा शब्द घ्यावा.

चौथा प्रकार घरगुती मुक्कामाचा, म्हणजे होमस्टेचा. बफरमधील गांवांत एखाद्या कुटुंबानें आपल्या घराच्या दोनतीन खोल्या पाहुण्यांसाठीं नीट करून ठेवलेल्या असतात. सोयी मोजक्या, पण चुलीवरची भाकरी, वऱ्हाडी-झाडीपट्टीच्या चवीची भाजी, आणि जंगलासंबंधीं जें ज्ञान पुस्तकांत मिळत नाहीं तें यजमानाच्या ओसरीवर बसून मिळतें. आई-वडील वृद्ध असतील तर स्नानगृह खोलीला लागून आहे कीं नाहीं, पायऱ्या किती आहेत, रात्रीं वीज गेल्यास काय सोय आहे, हें मात्र आधीं विचारावें.

पांचवा प्रकार चंद्रपूर शहरांत उतरण्याचा. ज्यांच्याबरोबर आजारी किंवा अगदीं लहान माणूस आहे, ज्यांस मोठा दवाखाना हाताशीं असावा असें वाटतें, त्यांस हें उत्तम. शिवाय गोंड राजांचा कोट, महाकालीचें देऊळ आणि अंचलेश्वर हीं शहरांतच पाहावयास मिळतात. मोहर्लीची किंवा जुनोन्याची फेरी शहरांतून करतां येते; कोलाऱ्याची करूं नये.

गाभ्याच्या आंतच मुक्काम करतां येणार नाहीं काय, असें कांहीं श्रोते विचारतील. पूर्वीं अनेक उद्यानांत तशी चाल होती. परंतु २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यांतील पर्यटन कांहीं काळ थांबविलें होतें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नवीं मार्गदर्शक तत्त्वें लागू झाल्यावर तें पुन्हां सुरू झालें. पर्यटनासाठीं गाभ्याचा जास्तींत जास्त पांचवा हिस्सा वापरावा आणि आंतील कायम स्वरूपाच्या पर्यटन-सोयी क्रमाक्रमानें कमी कराव्या, असा त्या तत्त्वांचा रोख आहे. ताडोबाच्या प्रवाशानें गाभ्याबाहेरच उतरावयाचें असतें, आणि तेंच योग्य आहे.

ऋतूप्रमाणेंही जागेचा विचार बदलतो. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. पाणवठे आटल्यामुळें उरलेल्या पाण्याशीं प्राणी हमखास दिसतात, म्हणून गर्दीही याच दिवसांत. अशा वेळीं दुपारीं खोलींत गारवा मिळेल किंवा नाहीं, जाड भिंती, झाडांची सांवली, कूलर किंवा वातानुकूलन यांपैकीं काय आहे, हें विचारणें चैन नव्हे, ती प्रकृतीची गरज आहे. डिसेंबर-जानेवारींत उलट. उघड्या गाडींत पहांटेचा वारा हाडांत शिरतो. परत आल्यावर गरम पाणी मिळेल ना, हें पाहावें. पावसाळ्यांत बफरमध्यें जाणारांनीं गांवापर्यंतचा रस्ता पुरानें तुटत नाहीं ना, आणि डांसांपासून बचावाची सोय आहे ना, हे दोन प्रश्न विसरूं नयेत.

येथवर आपल्या सोयीचें बोललों. आतां या विषयाची दुसरी बाजू पाहूं, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते.

२०२२ सालच्या गणनेप्रमाणें महाराष्ट्रांत वाघांची संख्या ४४४ असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतील मोठा भाग या चंद्रपूरच्या मुलखांत आहे. ताडोबांत वाढलेले तरुण वाघ स्वतःचें क्षेत्र शोधण्यास बाहेर पडतात. कोणी उमरेड-करांडल्याकडे जातात, कोणी दक्षिणेस तेलंगणांतील कवल अरण्याकडे जातात. त्यांची वाट बफरमधील जंगलपट्ट्यांतून, नाल्यांच्या कांठांनीं आणि शेतांच्या बांधांवरून जाते. अशा वाटेवर एखाद्यानें उंच कुंपण घालून प्रशस्त निवासस्थान उभारलें, रात्रभर दिव्यांचा झगमगाट ठेवला, कर्णे लावून लग्नसमारंभ केले, तर ती वाट बंद होते. वाघ मग दुसरीकडून जातो. आणि ती दुसरी वाट कित्येकदां गांवाच्या पांदीची असते. उष्टें-खरकटें उघड्यावर टाकलें म्हणजे त्यावर डुकरें आणि कुत्रीं जमतात, आणि त्यांच्या मागें बिबट्या येतो. पाहुणा दोन दिवसांनीं घरीं जातो. बिबट्या गांवाशीं राहतो.

आणि गांवांतील माणसांचें काय? गाभ्यांतील नवेगांव, जामणी, कोळसा, बोटेझरी यांसारखीं गांवें पूर्णतः किंवा अंशतः बाहेर वसविण्यांत आलीं. वाघाला निवांत जागा मिळावी म्हणून त्या लोकांनीं आपलीं घरें, आपल्या विहिरी आणि आपल्या पूर्वजांचीं स्थानें सोडलीं. बफरमधील माणसें आजही मार्च-एप्रिलांत मोहाचीं फुलें आणि मे महिन्यांत तेंदूचीं पानें वेंचावयास पहांटे जंगलांत जातात. त्या दोन पैशांवर त्यांचें वर्ष निघतें. २०२५ सालच्या मे महिन्यांत याच जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन बायका एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मरण पावल्या. आपण ज्या पहांटे जिप्सींत बसून वाघ दिसावा म्हणून देवाची प्रार्थना करतों, त्याच पहांटे चार-दोन कोसांवर एखादी बाई तो दिसूं नये म्हणून प्रार्थना करीत असते.

वाघ जगला पाहिजे, यांत मला शंका नाहीं. परंतु तो जगविण्याची किंमत जर एकट्या या माणसांनीं द्यावयाची आणि त्याच्या दर्शनाचा सारा नफा दूरच्या शहरांत जावयाचा, तर हा व्यवहार फार दिवस टिकणार नाहीं. वाघाविषयीं गांवकऱ्यांचें मन एकदां विटलें म्हणजे कितीही पहारेकरी ठेवले तरी वन राखतां येत नाहीं. उलट, वाघामुळें आपल्या मुलाला मार्गदर्शकाचें काम मिळालें, सुनेच्या हातची भाकरी पाहुण्यांनीं पैसे देऊन खाल्ली, असें ज्या घरानें अनुभविलें, तें घर वाघाचा रखवालदार होतें. ताडोबांतील मार्गदर्शक आसपासच्या गांवांतील तरुण असतात. त्यांत आतां स्त्रियाही आहेत. ही गोष्ट आशा वाटावी अशी आहे. आपण रात्रीच्या मुक्कामाचे पैसे कोणाच्या हातांत ठेवतों, हा म्हणूनच केवळ ऐपतीचा प्रश्न नाहीं.

मोठ्या निवासस्थानांत कोणी उतरूंच नये, असें माझें म्हणणें नाहीं. चांगला मालक गांवांतील माणसें कामास ठेवतो, भाजी-दूध गांवांतून घेतो, सांडपाण्याची नीट व्यवस्था करतो, आणि जनावराची वाट मोकळी सोडतो. वाईट मालक हें कांहींच करीत नाहीं. दोघांची जाहिरात सारखीच हिरवीगार असते. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीं कांहीं प्रश्न विचारावे, ते मी सांगतों. जवळ कागद असेल तर टिपून घ्या. एक: आपली जागा नेमक्या कोणत्या द्वाराजवळ आहे, आणि पहांटे तेथें पोंचण्यास किती मिनिटें लागतात? दोन: भाड्यांत जेवण, परवाना, जिप्सी आणि मार्गदर्शक यांपैकीं काय काय धरलें आहे? तीन: परवाना आम्हीं काढावयाचा कीं तुम्ही काढणार, आणि तो वनखात्याच्या अधिकृत मार्गानेंच ना? चार: फेरी रद्द झाल्यास किंवा येणें न झाल्यास पैसे किती परत मिळतील? पांच: जवळचा दवाखाना कोठें, आणि रात्रीं गाडी मिळेल काय? सहा: कामावरील माणसें कोणत्या गांवचीं आहेत? सात: केरकचरा आणि उष्टें कोठें जातें? आठ: रात्रीं बाहेरचे दिवे आणि गाणें-बजावणें किती वाजतां बंद होतें? पहिले पांच प्रश्न आपल्या हिताचे आहेत आणि शेवटचे तीन वनाच्या हिताचे. या आठांचीं उत्तरें जो सरळ देतो त्याच्याकडे खुशाल जावें. शेवटच्या तिहींना जो हंसण्यावारीं नेतो त्याच्याकडे, खोली कितीही सुंदर असली तरी, जाऊं नये.

मुक्कामाच्या ठिकाणीं आपलेंही कांहीं कर्तव्य आहे. दिवस मावळल्यावर निवासाबाहेर पायीं फिरावयास जाऊं नये. हें बफर आहे, बाग नव्हे. मुलांना एकटें सोडूं नये. माकडांना खाऊं घालूं नये. गाभ्यांत मोबाईल वापरण्यास मनाई आहे. ती मोडण्याची युक्ति शोधूं नये. ‘वाघ दाखवलाच पाहिजे’ असा मार्गदर्शकामागें तगादा लावूं नये. त्या तगाद्यानें गाड्या वाघाला घेरतात. वाघ न दिसल्यास यजमानावर रुसूं नये. ऐन, बिजा, धावडा, तेंदू, सागवान आणि बांबू यांचें तें वन, तळ्यांतील मगरी, वाटेवरचे गोंडकालीन दगडी खांब हें सारें तेथें आहेच.

आतां हाच हिशेब इतरत्र कसा लावावयाचा तें थोडक्यांत सांगतों. कान्ह्यास खटिया आणि मुक्की हीं मुख्य द्वारें दोन टोकांस आहेत. जबलपूर-मंडल्याकडून येणारानें खटियाजवळ आणि गोंदिया-बालाघाटाकडून जाणारानें मुक्कीजवळ उतरावें. पेंचचें वन दोन राज्यांत पसरलें आहे. मध्य प्रदेशांतील तुरिया आणि महाराष्ट्रांतील सिल्लारी यांचे परवाने वेगवेगळे. मेळघाटांत गेल्यास चिखलदऱ्याची थंड हवा एकीकडे आणि सेमाडोह-कोलकासचा सिपनाकांठचा वनमुक्काम दुसरीकडे. हवा हवी कीं वन हवें, हें आधीं ठरवावें. उत्तराखंडांतील कॉर्बेट उद्यानांत ढिकाल्यास आजही वनाच्या पोटांत रात्र काढतां येते. तेथें वनखात्याची जागा मिळणें हाच मोठा परवाना. द्वार, वेळ, ऋतु, सोबतचीं माणसें आणि यजमान, या पांच गोष्टी सर्वत्र त्याच आहेत.

श्रोतेहो, येती सुटी जवळ येत असेल. घरांत नकाशा पसरा, मुलांना जवळ बसवा, आणि त्यांनाच द्वार शोधूं द्या. अंतर मोजूं द्या, वार पाहूं द्या, यजमानाला विचारावयाचे आठ प्रश्न त्यांच्या हातानें लिहूं द्या. भूगोल आणि अंकगणित यांचा याहून चांगला पाठ शाळेंत मिळणार नाहीं. आणि आपल्या दोन रात्रींचे पैसे कोणाच्या चुलीपर्यंत पोंचतात, हें ज्या मुलानें लहानपणीं एकदां विचारलें, तें मोठेपणीं कोणत्याही वनांत गेलें तरी शहाण्या पाहुण्यासारखें वागेल.